लव्हाळे ओळखावे कसे?

वसंत ऋतूतील व्याख्यानांत साहित्य, राजकारण, इतिहास असे भारदस्त विषय असतात. त्यांत आम्ही पाणथळीचे लव्हाळे घेऊन उभे राहणार हे कळताच आमच्या काही मित्रांनी आमची बरीच थट्टा केली. "अहो, गवतावर तासभर काय बोलणार?" असा त्यांचा प्रश्न होता. त्यांना आम्ही एकच उत्तर दिले की, लव्हाळे हे गवत नव्हेच, आणि ते गवत का नव्हे हे सांगण्यातच आमचा तास संपणार आहे.

लव्हाळा हा शब्द माहीत नाही असा मराठी माणूस विरळा. तुकोबांच्या अभंगामुळे तो आपल्या घरोघरी पोचला आहे. महापूर आला की मोठमोठी झाडे जातात आणि लव्हाळी मागे राहतात, हा दृष्टांत आपण बोलताना सहज वापरतो. परंतु उद्या सकाळी आपल्यापैकी कोणालाही नदीकाठी नेऊन "ह्यांतला लव्हाळा दाखवा" असे म्हटले तर किती जणांचे बोट योग्य जागी जाईल? दृष्टांत मुखोद्गत आणि वस्तू अनोळखी, अशी आपली स्थिती आहे. हे आम्ही दुसऱ्यांना नावे ठेवण्यासाठी म्हणत नाही, कारण आमचीही एकदा चांगलीच फजिती झालेली आहे.

काही वर्षांपूर्वी चार-सहा विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरास गेलो होतो. तेथे गोदावरी आणि कादवा ह्यांच्या संगमापाशी बंधारा आहे आणि त्यामागे विस्तीर्ण दलदल झाली आहे. पाण्यात पुरुषभर उंचीची हिरवी पाती दाट उभी होती, आणि त्यांच्यामधून उदबत्तीच्या जाड पुड्यासारखी तपकिरी कणसे वर आली होती. आम्ही मोठ्या ऐटीत म्हणालो, "पाहा, तुकोबांचा लव्हाळा तो हाच." काठावर जाळे सुकवीत बसलेला एक म्हातारा भोई हसला आणि म्हणाला, "गुरुजी, ते पाणकणीस हाये. लव्हाळा तुमच्या पायाखाली हाये." आम्ही खाली पाहिले. आमच्या वहाणांखाली हातभर उंचीची, तीन कडांची, गर्द हिरवी रोपे चिरडली गेली होती. त्या दिवसापासून ह्या वनस्पतींकडे आम्ही नीट पाहू लागलो. त्या पाहण्यातून जे हाती आले तेच आज आपल्यापुढे ठेवायचे आहे.

प्रथम नावांचा गोंधळ ध्यानात घेऊ. शेतकऱ्याला लव्हाळा विचाराल तर तो बागाईत रानात माजणारे, कितीही खुरपले तरी पुन्हा उगवणारे तण दाखवील. नदीकाठचा माणूस पाण्याच्या कडेला वाढणाऱ्या तशाच पण उंच वनस्पतींनाही लव्हाळाच म्हणेल. वैद्यबुवा त्याच शेतातल्या तणाचा सुगंधी कंद हाती घेऊन त्याला मोथा म्हणतील, संस्कृतात मुस्ता म्हणतील. काष्ठौषधींच्या दुकानात नागरमोथा म्हणून जे मिळते ते कधी ह्या तणाचे कंद असतात, तर कधी त्याच्याच एखाद्या भावंडाचे. थोडक्यात, एका नावाखाली अनेक वनस्पती आणि एका वनस्पतीला अनेक नावे, असा हा मामला आहे.

हा गोंधळ केवळ आपल्याकडे आहे असे मात्र समजू नये. इंग्रजीतील बुलरश हा शब्द घ्या. तिकडचे वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी तो तळ्यांतील उंच, गोल दांड्याच्या एका मोथेवर्गीय वनस्पतीला लावीत. पुढे सामान्य लोक तोच शब्द पाणकणसाला लावू लागले. आणि 1611 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलात तान्ह्या मोशेला ज्या पेटीत ठेवून नदीत सोडले ती बुलरशची होती असे म्हटले आहे. मूळ हिब्रू शब्द मात्र नाईलकाठच्या पपायरसचा वाचक आहे. एका शब्दाने तीन वेगळ्या वनस्पती झाकल्या गेल्या. आपल्या महाभारतातही असेच एक कोडे आहे. मौसलपर्वात यादव एकमेकांवर तुटून पडले तेव्हा त्यांनी समुद्रकाठची एरका उपटली आणि तिची मुसळे झाली, अशी कथा आहे. आपली 'यादवी' ती हीच. ही एरका म्हणजे पाणकणीस असे अनेक अभ्यासक मानतात. पाणकणसाची मुसळासारखी कणसे ज्याने पाहिली आहेत त्याला ह्या कथेतील कल्पना कोठून आली असेल ह्याचा तर्क करता येतो. वनस्पती ओळखली की जुनी कथासुद्धा अशी डोळ्यांपुढे उभी राहते.

आता मुख्य विषयाकडे वळू. पाण्याच्या काठी उभ्या असलेल्या लांब हिरव्या पात्यांत मुख्यतः तीन घराण्यांचे लोक असतात. पहिले घराणे गवतांचे. दुसरे मोथ्यांचे, ज्यात आपला लव्हाळा येतो. शास्त्रज्ञ ह्या कुलाला सायपेरेसी म्हणतात, आणि जगभर त्याच्या सुमारे साडेपाच हजार जाती आहेत. तिसरे घराणे पाणकणसाचे. ते लहान आहे, पण आकाराने डोळ्यांत भरणारे. चौथे एक जुंकसचे घराणे आहे. थंड देशांत त्याचा मोठा बोलबाला आहे, परंतु आपल्या दख्खनच्या पठारावर ते क्वचितच भेटते. त्याच्या फुलाला सहा बारीक पाकळ्या आणि पुढे अनेक बिया भरलेले बोंड असते, एवढी खूण लक्षात ठेवून त्याला आज रजा देऊ.

ही घराणी वेगळी काढण्यास सूक्ष्मदर्शकाची गरज नाही. दोन बोटे, दोन डोळे आणि थोडा धीर एवढे भांडवल पुरते.

पहिली परीक्षा बोटांची. खोड आंगठा आणि तर्जनी ह्यांच्यामध्ये धरून फिरवा. गवताचे खोड पेन्सिलीसारखे सहज गरगरते. मोथ्याचे खोड अडखळते, कारण त्याला तीन कडा असतात. ब्लेडने आडवे कापले तर काप त्रिकोणी दिसतो. शंभरांतील पुष्कळ वेळा ह्या एका परीक्षेवरच निकाल लागतो. पण येथेच एक सापळा आहे. मोथ्यांच्या घराण्यातील काही मंडळी, आणि त्यांत तळ्यांतील उंच बुलरशही आले, गोल खोडाची असतात. तेव्हा एवढ्यावर विसंबून चालत नाही.

दुसरी परीक्षा पेरांची. ऊस, ज्वारी, बांबू ही सारी गवतेच आहेत. त्यांच्या खोडावर ठरावीक अंतराने पेरे असतात. पुष्कळ लोक सांगतात की गवताचे खोड पोकळ असते. बांबूच्या बाबतीत ते खरे, पण उसाच्या बाबतीत खरे नाही हे आपल्या सर्वांच्या दातांना माहीत आहे. म्हणून पोकळ-भरीव पाहण्यापेक्षा पेरे पाहावीत. मोथ्याचा फुलोरा वाहणारा दांडा बुडापासून फुलोऱ्यापर्यंत सरळसोट असतो, मध्ये पेर नसते. नदीकाठी वाढणारा नळ आणि उंच लव्हाळे ह्यांची गल्लत होते ती ह्या परीक्षेने तत्काळ मिटते. नळाला पेरे आहेत, म्हणून तो गवत.

तिसरी परीक्षा पानांच्या रांगांची. ज्वारीचे ताट आठवा. एक पान डावीकडे, दुसरे उजवीकडे, तिसरे पुन्हा डावीकडे, अशी त्याची पाने दोन रांगांत असतात. मोथ्याच्या रोपाकडे मात्र बरोबर वरून पाहावे. त्याची पाने तीन दिशांना फाकलेली दिसतात. आपल्या डोक्यावर फिरणाऱ्या ह्या पंख्याला तीन पाती आहेत; पंखा बंद असताना खालून जसा दिसतो तसेच मोथ्याचे रोप वरून दिसते. ही खूण इतकी पक्की आहे की फुलोरा नसतानाही तिने फसवणूक होत नाही.

चौथी परीक्षा पानाच्या बुडाची. गवताचे पान खोडाला सदऱ्यासारखे वेढते, पण त्या सदऱ्याला समोर उघडी पट्टी असते. बहुतेक गवतांत नखाने ती बाजूला करता येते. मोथ्याच्या पानाचे आवरण बंद नळीसारखे असते, म्हणजे तो सदरा नसून गळ्यातून घालावयाचा बनियन आहे. नखाने उलगडू गेल्यास तो फाटतो.

ह्या चार परीक्षा झाल्या की घराणे निश्चित होते. मग घराण्यातील व्यक्ती ओळखण्यासाठी फुलोऱ्याकडे वळावे. मोथ्यांना रंगीत पाकळ्या नाहीत, मध नाही, कारण त्यांचे पराग वाराच वाहून नेतो. त्यांची फुले बारीक खवल्यांच्या आड दडलेली असतात, आणि असे अनेक खवले मिळून एक लहानसे कणिश होते. खवले दोन ओळींत बसले असतील तर कणिश चपटे दिसते. सायपेरस, म्हणजे खरा मोथा, तो हा. खवले चहूबाजूंनी मळसूत्रासारखे बसले असतील तर कणिश गोलसर, लहानशा शंकूसारखे दिसते. बुलरश आणि त्यांची भावंडे ती ही. एवढा एक भेद मनात ठसला की अर्धे घराणे डावीकडे आणि अर्धे उजवीकडे आपोआप लागते.

आता काही ठळक व्यक्तींचा परिचय करून घेऊ.

आरंभ पाणकणसापासूनच करू, कारण आमची फजिती तेथेच झाली. शास्त्रज्ञ त्याला टायफा म्हणतात. कोठे कोठे त्याला रामबाण असेही नाव आहे. त्याची पाने पट्ट्यासारखी लांब, जाड आणि आतून स्पंजासारखी असतात. फुलोरा ही त्याची खरी ओळख. एकाच दांड्यावर वरच्या टोकाला नरफुलांचे आणि त्याखाली मादीफुलांचे कणीस असते, आणि आपल्याकडील जातींत ह्या दोहोंच्या मध्ये बोटभर उघडा दांडा दिसतो. नरभाग पराग उधळून झडून जातो. तपकिरी मखमलीसारखी जी दिसते ती मादीफुलांची गर्दी. पक्व झाल्यावर ती फुटते आणि हजारो केसाळ बिया वाऱ्यावर जातात. म्हणूनच नवे तळे खणले की पाणकणीस कोणी न बोलावता दोन वर्षांत हजर होते.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. कणीस नसताना पाणकणसाची कोवळी पाती आणि वेखंडाची पाती पुष्कळशी सारखी दिसतात. दोघेही ओल्या जागी वाढतात. परंतु वेखंडाच्या पात्याला लांबीने गेलेली एक उठावदार शीर असते आणि पाते चुरगाळताच उग्र सुगंध येतो. पाणकणसाला अशी शीर नाही आणि वासही नाही. वेखंड हे औषध आहे, खाण्याची भाजी नव्हे, म्हणून ही ओळख केवळ हौसेची नाही.

दुसरा आपला शेतातला लव्हाळा, सायपेरस रोटंडस. टोकाला छत्रीच्या काड्यांसारख्या फाकलेल्या शाखा, त्यांवर तांबूस-तपकिरी चपटी कणिशे आणि खाली दोन-तीन लांब हिरवी पाने, अशी त्याची मूर्ती आहे. पण त्याचा खरा संसार जमिनीखाली. बारीक दोऱ्यासारख्या मुळखोडांवर काळसर कंद माळेतल्या मण्यांसारखे ओवलेले असतात. वरून उपटले तर माळ तुटते आणि प्रत्येक मणी नवे रोप होतो. शेतकऱ्याचे खुरपे ह्याच्यापुढे का हरते ते ह्यावरून कळेल. 1977 साली जगातील सर्वांत उपद्रवी तणांवर जो प्रसिद्ध ग्रंथ निघाला त्यात पहिला मान ह्याच मोथ्याला मिळाला. आणि तोच कंद वैद्यकात ज्वर आणि अपचन ह्यांवर शतकानुशतके वापरला जात आहे. एका माणसाचा शत्रू दुसऱ्याचा मित्र असतो तो असा.

तिसरा कशेरू. हा मोथेघराण्यातला आडदांड गडी. पुरुषभर किंवा त्याहून उंच वाढतो. खोडाच्या तिन्ही कडा इतक्या स्पष्ट की अंधारातही ओळखाव्यात. टोकाला मोठा मोकळा फुलोरा आणि त्याखाली हात-दोन हात लांब पाने. त्याचे कंद खाल्ले जातात. वैद्यकग्रंथांतील कशेरुक तो बहुधा हाच.

चौथ्या मंडळींत एक गंमत आहे. उथळ डबक्यांत आणि भातखाचरांत गोल, हिरव्या, पाने नसलेल्या दांड्यांचे झुबके दिसतात, आणि फुलांचा गुच्छ टोकाला नसून दांड्याच्या कुशीतून, मध्येच फुटल्यासारखा वाटतो. हे शीनोप्लेक्टसचे गोत, म्हणजे खऱ्या बुलरशचे आप्त. दांडा मध्येच कसा फुलला? उत्तर असे की दांडा गुच्छापाशीच संपला आहे. त्यापुढे सरळ वर गेलेले जे दिसते ते खोड नसून फुलोऱ्याखालचे पान आहे. ते खोडाचे सोंग घेऊन उभे राहते. त्यातील एका सर्वत्र आढळणाऱ्या जातीचा दांडा बोटांनी दाबत गेल्यास आतले आडवे पडदे टचटच फुटल्याचे जाणवते. आमच्या विद्यार्थ्यांना ही परीक्षा फार आवडते.

पाचवी एलिओकॅरिस. तिलाही पाने दिसत नाहीत, पण तिचे कणिश अगदी टोकाला आणि एकच एक असते, आगकाडीच्या गुलासारखे. एवढ्यावरून ती शीनोप्लेक्टसहून वेगळी करता येते. तिच्या एका जातीचे कंद चिनी लोक आवडीने खातात.

शेवटी, ज्यांना नदीवर जाणे जमत नाही त्यांच्यासाठी एक घरगुती नमुना. पुष्कळ बंगल्यांच्या बागेत हौदाशेजारी एक शोभेचे झाड लावलेले असते. उंच हिरवा दांडा आणि त्याच्या माथ्यावर छत्रीच्या काड्यांसारखी गोल पसरलेली पाने. तो आफ्रिकेकडून आलेला सायपेरसच आहे, पपायरसचा सख्खा भाऊ. त्याच्यावर आजच संध्याकाळी बोटांची परीक्षा करून पाहता येईल. एवढेच सांगतो की त्याच्या कडा काहीशा बोथट असतात, तेव्हा दांडा फुलोऱ्याच्या जवळ धरावा.

आता आपल्या मूळ दृष्टांताकडे येऊ. पुरात लव्हाळे का टिकते? नम्रता हे कवीचे उत्तर झाले, आणि ते मोलाचे आहे. वनस्पतिशास्त्राचे उत्तर त्याला पूरकच आहे. लव्हाळ्याला फांद्या नाहीत, रुंद पाने नाहीत, त्यामुळे पाण्याला धरायला जागा थोडी. खोडाच्या कडेने चिवट तंतूंचे खांब आणि आत हलका भेंड, त्यामुळे ते न मोडता वाकते. शिवाय त्रिकोणी दांड्याचा एक विशेष गुण आहे. तो वाकण्यास बऱ्यापैकी विरोध करतो, पण पिळण्यास फारसा करीत नाही. प्रवाहाचा रेटा आला की तो अंगाला पीळ देऊन पाठ फिरवतो आणि जोर चुकवतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याची मुळखोडे चिखलात आडवी, एकमेकांत गुंतून पसरलेली असतात. वरचा भाग वाहून गेला तरी पंधरवड्यात नवे कोंब येतात. म्हणजे लव्हाळे वाकते म्हणून वाचते हे खरे. पण त्याचे मूळ खोल आणि सामुदायिक आहे म्हणूनही वाचते. दृष्टांताची ही दुसरी बाजू आपण सहसा सांगत नाही.

हीच आडवी मुळे काठाची माती धरून ठेवतात. आणखी एक काम ती गुपचूप करतात. दलदलीच्या चिखलात हवा नसते. म्हणून ह्या वनस्पती आपल्या स्पंजासारख्या खोडांतून वरची हवा खाली मुळांपर्यंत नेतात. त्यातील काही प्राणवायू मुळांभोवतीच्या चिखलात झिरपतो आणि तेथे घाण कुजवणारे सूक्ष्म जंतू पोसले जातात. जर्मनीतील कॅथे झायडेल ह्या विदुषीने 1950 नंतरच्या दशकात बुलरश लावून सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग आरंभिले. आज जगातील अनेक देशांत, आणि आपल्याकडेही, सांडपाण्यासाठी अशी मुद्दाम रचलेली पाणथळे आहेत.

माणसाने ह्या वनस्पतींचा उपयोग फार प्राचीन काळापासून केला आहे. इजिप्तने पपायरसवर आपला इतिहास लिहिला. तमिळनाडूतील पत्तमडईच्या मऊ चटया आणि बंगालमधील मेदिनीपूरच्या मादूर चटया मोथ्याच्याच दांड्यांच्या विणतात. काश्मीरात पाणकणसाच्या पात्यांच्या चटया होतात. दक्षिण अमेरिकेतील टिटिकाका सरोवरावर उरू लोक बुलरशच्या जुड्या एकमेकींवर रचून तरंगती बेटे करतात आणि त्यांवर घरे बांधून राहतात. 1970 साली थॉर हेयरडाल ह्या नॉर्वेजियन साहसी पुरुषाने पपायरसची नौका करून मोरोक्कोहून अटलांटिक महासागर ओलांडला, आणि ती नौका बांधण्यास त्याने ह्याच सरोवरावरचे कारागीर बोलावले होते. दोन खंडांतल्या त्या वनस्पती वेगळ्या, पण कुल एकच, आणि ती बांधणारी बोटे दोघींना ओळखत होती.

मग आपल्या गावी ह्या वनस्पतींचे काय चालले आहे? आपण नदी स्वच्छ करायला निघतो. हेतू चांगला असतो. यंत्र येते, आणि काठावर जे जे हिरवे उभे आहे ते ते 'गवत' म्हणून, 'झाडोरा' म्हणून खरवडून नेते. तीन दिवसांनी काठ दगडी भिंतीसारखा चकचकीत दिसतो आणि आपण टाळ्या वाजवतो. पुढल्या पावसात काठ ढासळतो. जांभळ्या पाणकोंबडीला लपायला जागा राहत नाही. पाणकणसात घरटी विणणारी रेषाळ सुगरण दिसेनाशी होते.

ह्याचा अर्थ कशालाही हात लावू नये असा नाही. सांडपाणी साचलेल्या, गाळाने उथळ झालेल्या तळ्यात पाणकणीस माजते, इतर लहान लव्हाळ्यांना गुदमरून टाकते आणि मोकळे पाणी शिल्लक ठेवीत नाही. तेथे ते विरळ केलेच पाहिजे. पण विरळ काय करायचे आणि राखायचे काय, हे ठरवणार कोण? ज्याला पाणकणीस आणि मोथा ह्यांतला भेद कळतो तोच. जलपर्णीसारखी परकी, तरंगती वनस्पती आणि काठ धरून ठेवणारा कशेरू ह्यांना जो एकाच मापाने मोजतो त्याच्या हाती यंत्र देणे धोक्याचे आहे. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही ते नाहीसे झाले तर त्याची हळहळही आपल्याला वाटत नाही. नाव ठाऊक असणे ही राखण्याची पहिली पायरी आहे. नांदूर मध्यमेश्वर रामसरच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेले, महाराष्ट्रातील पहिले म्हणून. ते पक्ष्यांमुळे गाजले, आणि ते योग्यच. पण ते पक्षी तेथे कोणाच्या आश्रयाने राहतात, हेही कोणी सांगायला हवे.

आपल्या प्रांतातील वनस्पतींची गणना करण्याचे काम थोर लोकांनी करून ठेवले आहे. थिओडोर कुक ह्यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा ग्रंथ 1901 ते 1908 ह्या काळात निघाला. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातील फादर ब्लॅटर ह्यांनी मॅक्कॅन ह्यांच्यासह इलाख्यातील गवतांवर ग्रंथ लिहिला, तो 1935 साली प्रसिद्ध झाला. पण ग्रंथ कपाटात आणि वनस्पती नदीवर, ह्या दोहोंत पूल बांधणारे लोक आपणच व्हायला हवे.

ज्यांना हा छंद लावून घ्यायचा आहे त्यांना थोडी व्यवहाराची सूचना करतो. उत्तम हंगाम भाद्रपद ते कार्तिक. त्या वेळी फुलोरे पक्व होतात, आणि पक्व दाण्याशिवाय मोथ्यांची जात पक्की सांगणे शास्त्रज्ञालाही अवघड जाते. सोबत एक भिंग, एक ब्लेड, वही आणि जुनी वर्तमानपत्रे घ्यावीत. नमुना एकच घ्यावा, पण बुडापासून टोकापर्यंत पूर्ण घ्यावा, कारण कंद, पानाचे आवरण आणि फुलोरा ही तिन्ही पाहावी लागतात. मग तो कागदांत दाबून ठेवावा आणि जागा, तारीख, पाण्याची खोली, आणि तेथील लोक त्याला काय म्हणतात ते लगेच लिहावे. ही शेवटची नोंद विसरू नये. आम्हाला शहाणे करणारा म्हातारा भोई कोठल्याही ग्रंथात नव्हता. आणि शहराजवळच्या नाल्यातील कोणताही कंद तोंडात घालू नये. ह्या वनस्पती घाण शोषतात म्हणून त्यांचे कौतुक करायचे आणि तीच घाण आपण खायची, हे शहाणपणाचे नव्हे.

आज वैशाखाचे ऊन आहे. उद्या नदीवर गेलात तर फारसे काही दिसणार नाही. पाणकणसाची कणसे फुटून कापूस उडत असेल, आणि बाकी काठावर सुकलेले, पिवळे पडलेले बुडखे दिसतील. त्यांतला एखादा हळूच बाजूला करून बोटाने माती उकरा. खाली गार, ओल्या अंधारात पांढरा कोंब आलेला कंद हाताला लागेल. तो पुन्हा मातीत नीट झाकून ठेवा, आणि पहिल्या पुरानंतर त्याच जागी परत या. त्या वेळी जे उभे असेल ते दोन बोटांत धरून फिरवा. ते अडखळले तर आपली ओळख झाली असे समजा.